योकमाचा घरजावई

‘जुने’ हा शब्द टुंडुपनं अगदी सहज वापरला. लेहच्या बाजारात मोठ्या मणिचक्राशेजारी जी भिंत आहे, तिला पाठ लावून म्हातारी माणसं हिवाळाभर उन्हाला बसतात आणि ऊन सरकेल तशी तीही सरकत जातात. मुरुप त्यांच्यात बसला होता. डोळे मिटलेले, बोटांत माळ. जप मध्येच कुठंतरी थांबला होता आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. अंगावर सावली पडली म्हणून त्यानं डोळे उघडले, तर समोर टुंडुप, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. बरोबर फुगीर काळ्या कोटातला एक अनोळखी माणूस. टुंडुपनं वाकून तब्येत विचारली, गुडघ्यांचं विचारलं, पिशवीतून लोण्याचा एक पुडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्या माणसाकडे वळून म्हणाला, “हे मुरुप-ले. आमच्या घरचे जुने माग्पा.” त्या माणसानं हसून मान झुकवली आणि दोघं गर्दीत निघून गेले. शेजारचा म्हातारा पुड्याकडे बघत म्हणाला, “मेव्हणा चांगला आहे हो तुमचा.” “आहे ना,” मुरुप म्हणाला. मांडीच्या उबेनं लोणी मऊ पडायला लागलं होतं, तरी तो उठला नाही. जुने. जुने म्हणजे मुरलेले, की जुने म्हणजे आधीचे? जुनं भांडं आपण वापरतो, जुने बूट टाकून देतो. टुंडुपच्या आवाजात काही खोट नव्हती, तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर तिला उलटून शिवी देता आली असती.

माग्पा म्हणजे घरजावई. ज्या घरात मुलगा उरत नाही तिथं मुलीसाठी नवरा आणतात. तो त्या घराचं नाव लावतो, त्या घराच्या जागेवर बसतो आणि त्या घराच्या मसणात जळतो. मुरुप जन्मला सिंधूच्या खालच्या अंगाला, जर्दाळूच्या गावात. तिथं त्याच्या बापाची शेती एकालाच पुरणारी होती आणि भाऊ पुष्कळ. शारत्सानहून योकमा घराची माणसं त्याला न्यायला आली, नाचत, गात, छांग पीत. त्याच्या आईनं त्याच्या गोंचाची बाही धरली आणि सोडेना. आणि तो रडला, चारचौघांत, मुलगी सासरी जाताना रडते तसा. वाटेतल्या गावांतली माणसं हसत होती. “नवरी जरा उंच आहे रे,” कुणीतरी ओरडलं होतं. हे त्याला आत्ता, लेहच्या चढावर दम लागून थांबला असताना, एखाद्या ताज्या गोष्टीसारखं आठवलं. शारत्सानला ते पोचले तेव्हा जर्दाळूची झाडं कधीच मागं पडली होती, झाडच मागं पडलं होतं. होती ती पिवळी माती, पांढरं मीठ चढलेले दगड, नदीकाठचा बर्फ आणि त्या बर्फाला खेटून जमिनीतून निघणारी वाफ. कुजलेल्या अंड्याचा वास. हे असलं गाव, असं त्याच्या मनात आलं. योकमाच्या पायरीवर त्याची होणारी बायको, यांगदोल, उभी होती. तिनं डोळे खाली घातले नाहीत. त्याच्या टाचांकडे बघितलं. चालून चालून त्या फुटल्या होत्या. ती म्हणाली, “आधी याला पाण्यात बसवा. लग्न मग लावू.”

मुलीच्या, कुन्झेसच्या, खोलीत बुखारी पेटलेली होती. ती दवाखान्यातलं काम संपवून भाजी चिरत बसली होती. मुरुपनं लोणी तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, “तुझ्या मामानं दिलं. मला जुने म्हणाला.”

“मग काय बिघडलं? तुम्ही काय तरुण आहात, आबा-ले?”

“तसलं जुनं नव्हे.”

ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. तिची सुरी मात्र चालू राहिली, आणि सुरीच्या त्या आवाजावरून त्याला कळलं की हिला काहीतरी ठाऊक आहे. यांगदोलचंही असंच होतं. ती लपवत असली की हात थांबत नसत. “बोल,” तो म्हणाला. मग बाहेर आलं. त्या काळ्या कोटवाल्याला शारत्सानचा गरम पाण्याचा झरा हवा होता. झऱ्याभोवती भिंत, आत लाकडी खोल्या, खोलीखोलीत टाकी, बाहेर फाटक. झरा योकमाच्या खालच्या शेतात उगवतो, म्हणून आधी योकमाचा होकार हवा. परवा गावच्या मुखियाच्या, गोबाच्या, घरी गाव बसणार होतं. “मला टुंडुप आजांगनं, मामानं, विचारलं,” कुन्झेस म्हणाली. “मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल ते करा. मी काही तिथं जाऊन राहणार नाही, आबा-ले. तुम्हीही हिवाळाभर इथंच असता. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही.”

त्रास नको. त्यानं बुखारीच्या पत्र्यावर हात धरला, चटका बसेपर्यंत. या खोलीत तो चांगला राहत होता. पोरगी रोज गरम पाण्याची बादली भरून द्यायची. ते पाणी हाताला गरम लागायचं आणि अंगाला नाही. त्याला वास नव्हता, वजन नव्हतं. तो अंग पुसून बाहेर येई तेव्हा आपण आंघोळ केली की पावतीवर शिक्का मारला असं त्याला वाटे. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. “घर तुझंच होणार आहे,” तो म्हणाला, “पण झालेलं नाही. मी उद्याच्या बसनं जातो.”

“या थंडीत? इथं नळ गोठलेत.”

“शारत्सानला नळच नाहीत.”

तिनं सुरी खाली ठेवली. रागावली होती, पण दुसऱ्या दिवशी बसपर्यंत आली, त्याच्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला आणि म्हणाली, “भांडा, पण खोकू नका.” बस सिंधूच्या काठानं वर चढत गेली. नदी कडेकडेनं गोठलेली, मधोमध हिरवी. मुरुप काचेवर साठलेला बर्फ नखानं खरवडत होता आणि आपण नेमकं काय म्हणणार आहोत याचा विचार करत होता. काही सुचत नव्हतं. त्याच्या आत फक्त ‘नाही’ एवढंच होतं. कारणं त्या ‘नाही’च्या मागून, धापा टाकत येत होती. कुठली खरी, कुठली वाटेत उचललेली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. एक कारण असं होतं की शेवटच्या शरदात यांगदोलला चालवेना, तेव्हा तो तिला रोज पाठीवर घेऊन झऱ्याला नेई. ती गळ्यापर्यंत पाण्यात बसे, हाडांची झालेली, आणि त्याची टिंगल करी. “सावकाश रे, बोकडा. मला मारायला नेतोयस की न्हाणायला?” तिथं फाटक बसलं तर ती फाटकाच्या आत राहील. हे कारण तो गावासमोर बोलू शकणार नव्हता. दुसरं कारण याहून साधं होतं आणि जास्त लाजिरवाणं. त्याला जुने म्हटलं होतं.

घरात शिरल्यावर त्यानं शेण्या पेटवल्या, धूर निघून जाईपर्यंत दार उघडं ठेवलं आणि प्रवासानं आखडलेलं अंग घेऊन झऱ्यावर गेला. ऊन अजून डोंगराच्या या बाजूला होतं. डबक्याच्या काठावर, कपडे काढून ठेवायच्या दगडावर टुंडुपचा कोट पडलेला होता. टुंडुप पाण्यात होता, छातीपर्यंत, डोळे मिटून. पोट सुटलं होतं. डोक्यावरचे केस मात्र अजून गोंपाच्या मठात भिक्षू असल्यासारखे बारीक कापलेले. मुरुपनं गोंचा उतरवला, थंडीनं अंगावर काटा यायच्या आत पाण्यात शिरला आणि त्याच्या समोर बसला. पाणी भाजलं. मग भाजायचं थांबलं. त्याला वाटलं, सगळा लेह अंगावरून सुटून नदीकडे वाहून चालला आहे.

“उतरलात होय, आचो,” टुंडुप डोळे न उघडता म्हणाला. “कुन्झेसनं फोन केला होता. म्हणाली, बापाला सांभाळ.”

“तू मला जुना म्हणालास.”

“कधी?”

“बाजारात.”

टुंडुपनं डोळे उघडले. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. “अहो, मग काय नवा माग्पा म्हणू?” तो हसला. हसताना पाण्यावर लाट उठली आणि मुरुपच्या हनुवटीला लागली. मग त्याचा चेहरा बदलला. तो पाण्याकडे बघून बोलायला लागला, जणू मुरुप तिथं नव्हताच. “मला माझ्या आबा-लेंनी गोंपाला दिलं तेव्हा मी स्वतःची नाडी स्वतः बांधू शकत नव्हतो. एका हिवाळ्यात पळून आलो. पाय निळे पडले होते. आचे यांगदोलनं मला इथं, या पाण्यात बसवलं आणि वरून कांबळं धरून उभी राहिली, आबा-लेंना दिसू नये म्हणून. तिचे हात किती दुखले असतील. त्यांना सापडलोच मी. परत नेऊन सोडलं. पुढे मोठा झाल्यावर झगा उतरवला आणि घरी आलो. दार ढकललं तर चुलीशी, घरधन्याच्या जागेवर, एक माणूस. त्यानं मला विचारलं, ‘पाहुणे, चहा घेणार?’ आठवतं तुम्हाला?”

आठवत होतं. आदरानं विचारलं होतं. मुरुपला तेव्हा कळलंच नव्हतं की हा कोण आहे. यांगदोल मागून आली आणि तिच्या हातातली कळशी खाली पडली. पण पळून आल्याचं, कांबळ्याचं, तिनं त्याला कधी सांगितलं नाही. एवढी वर्षं शेजारी झोपून नाही सांगितलं. त्याच्या मनात आधी आली ती दया नव्हती, मत्सर होता. या पाण्यात तिची एक बाजू होती जिथं तो नव्हता, आणि ती बाजू या पोटसुट्या माणसाकडे होती. मग तो मत्सरही वाफेत विरघळला आणि उरला एक पोर, निळ्या पायांचा, ज्याची जागा रिकामी झाली म्हणून मुरुपला लग्न मिळालं, शेत मिळालं, मुलगी मिळाली. त्याला खाली बघावंसं वाटलं. त्यानं बघितलं नाही.

“ते घर तुझं होतं,” तो म्हणाला. “तुझ्यापासून घेतलं ते मी नाही घेतलं. मला बोलावून आणलं. मला तेव्हा कुणी विचारलं नाही, तुलाही नाही. आता ये. वरची खोली घे, शेत कर. मी चुलीपासून उठतो.”

“लेह सोडून? बायकोला आणू इथं, शेण्या थापायला?”

“मग कसलं घर मागतोस?”

ऊन डोंगरामागं गेलं आणि दोघांच्याही भिजलेल्या भुवयांवर बर्फ धरायला लागला.

गोबाच्या घरी बसायच्या जागा ठरलेल्या असतात. माणूस मरतो, जागा मरत नाही. योकमाची जागा खिडकीखालच्या गालिच्यावर. मुरुप लवकर गेला, तिथं बसला आणि मांडीवर हात ठेवले. टुंडुप आला, त्या जागेकडे बघितलं, क्षणभर उभा राहिला आणि दाराजवळ पाहुण्यांसाठी टाकलेल्या गोधडीवर जाऊन बसला. त्याच्या बाजूनं बोलणारे बरेच होते आणि ते वाईट बोलत नव्हते. पक्का रस्ता होईल, दिवे लागतील, पोरं परत येतील. शेजारची आमा पाल्मो सगळ्यांत शेवटी बोलली. “माझी थोरली लेहमध्ये दुसऱ्यांच्या हॉटेलात चादरी धुते,” ती म्हणाली. “इथं धुवेल. माझ्यासमोर धुवेल. मला एवढंच हवंय.” मुरुप तिच्या फाटलेल्या बोटांकडे बघत राहिला. याच पाल्मोनं यांगदोलला शेवटची आंघोळ घातली होती.

गोबा कागदपत्रांचा नव्हे, पण रीतीचा माणूस. त्यानं घसा साफ केला. “योकमाच्या वतीनं कोण बोलणार?”

“मी,” मुरुप म्हणाला.

मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, “पूर्वी बायको मेली की माग्पाला घोडा देऊन माघारी पाठवत.” माणसं हसली. अशा हसण्याची त्याला सवय होती. तेच हसणं, ज्यातून तो नवरी होऊन आला होता. फरक इतकाच की तेव्हा तो रडत होता.

“आणा घोडा,” तो म्हणाला. “आहे का तुमच्यापैकी एकाकडे तरी? सगळ्यांनी विकून गाड्या घेतल्यात.” हसणं जरा दुसऱ्या बाजूला वळलं. “आणि पाठवणार कुठं? माझ्या भावाची पोरं मला रस्त्यात ओळखत नाहीत. मी इथं आलो तेव्हा माझ्या अंगावर माझ्या बापाचं नाव होतं, ते तुम्हीच काढून घेतलंत. योकमा म्हणून हाक मारलीत. मी ओ दिली. आता बायको गेली म्हणून ते नावही परत मागताय? ती मेली. मी नाही मेलो. माझं उत्तर नाही. भिंत हवी तर आपण घालू, आपल्या हातानं, दार आपलं. पाल्मोची पोरगी तिथं मालकीण म्हणून बसू दे. दगड मी वाहीन. पण झरा मी कुणाच्या हाती देणार नाही.”

“कशानं वाहशील दगड? त्या गुडघ्यांनी?” पाल्मोनं विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, चीड होती.

“गुडघ्यांनीच,” तो म्हणाला. “दुसरं काय आहे माझ्याकडे?”

गावानं त्याला वाळीत टाकलं. शारत्सानात वाळीत टाकणं म्हणजे त्या घराशी विस्तव आणि पाणी तोडणं: कुणी त्या घरचा निखारा घ्यायचा नाही, त्या घरी घोट प्यायचा नाही, मेलं तरी खांदा द्यायचा नाही. विस्तव तुटला. पाणी तोडता येईना, ते त्याच्याच शेतातून उकळत वर येत होतं. थंडी वाढली तशी एकेक करून माणसं झऱ्यावर यायला लागली. तोंड फिरवून यायची, तोंड फिरवून न्हायची, तोंड फिरवून जायची. वाळीत टाकलेल्याच्या पाण्यात अख्खं गाव पाठ शेकत होतं. मुरुप खिडकीतून बघे आणि त्याला हसू येई. एकट्याचं हसू घरात मोठं वाजे आणि मग ऐकवत नसे. पाणी बंद करण्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. वरचा दगड सरकवला की सगळं ऊन पाणी सरळ नदीत. एका सकाळी तो दगडापाशी गेलाही. पाल्मो पाण्यात होती, तिनं त्याला पाहिलं आणि छातीवर हात घेतले. तो मागं फिरला. आपण नाही म्हटलं ते दगड सरकवण्यासाठी नव्हे, एवढं तरी त्याला कळलं. त्या दिवसापासून तो नदीकाठचे दगड आणून शेताच्या कडेला रचू लागला. रोज थोडे. गुडघे कुरकुरत. रास वाढत गेली तशी न्हायला येणारी माणसं तिला वळसा घालून जाऊ लागली. कुणी विचारलं नाही. कुन्झेस फोनवर म्हणे, “आबा-ले, हट्ट सोडा, इकडे या.” तो म्हणे, “खोकला नाही मला.”

असा लोसर आला, वर्षाचा पहिला दिवस. त्या सकाळी प्रत्येक घराच्या छतावर, घरदेवाच्या ठाण्यावरच्या सुकलेल्या डहाळ्या काढून नव्या हिरव्या शुकपाच्या बांधतात. ते काम घरच्या पुरुषाचं. मुरुप शिडीवरून चढत होता तेव्हा खाली गाडी थांबली. टुंडुप उतरला. नवा गोंचा, कमरेला गुलाबी शेला, हातात शुकपाची मोळी.

“खाली या, आचो. हे रक्ताच्या माणसाचं काम आहे.”

“वर ये.”

“खाली या म्हणतो.”

मुरुपनं शेवटच्या पायरीवर गुडघा टेकला, छतावर गेला आणि जुन्या डहाळ्या सोडायला लागला. गाठी बर्फानं आवळल्या होत्या. त्या त्यानं दातांनी ओढल्या. शिडी करकरली. टुंडुप वर येऊन धापा टाकत उभा राहिला. वाऱ्यात दोघंही एकमेकांकडे न बघता. मुरुपनं डहाळ्या उभ्या केल्या, देवाला वाहायचा पांढऱ्या कापडाचा खादा गुंडाळला आणि मग, दर वर्षीप्रमाणे, ओठ हलवायला लागला. ते मंत्र त्याला येत नव्हते. सासरा पुटपुटायचा तसं तो पुटपुटत आला होता, शब्दांच्या जागी नुसता आवाज. टुंडुपनं ऐकलं. त्याच्या कपाळावर आठी आली. “हे काय म्हणताय?” तो म्हणाला, आणि राहवेना म्हणून स्वतःच सुरू झाला, खड्या, गोंपात घोटलेल्या आवाजात. शब्द एकेक स्वच्छ सुटत होते, खालच्या शेतावरून, नदीवरून. मुरुपनं ते पहिल्यांदाच पुरते ऐकले. त्याचे हात बांधत राहिले. संपलं तेव्हा टुंडुपचा आवाज बसला होता.

“दर वर्षी येऊन म्हणत जा,” मुरुप म्हणाला. “बांधणार मी.”

टुंडुपनं आपली मोळी ठाण्याच्या पायाशी टाकली आणि शिडी उतरला. मुरुपनं वरून चहा विचारला. या वेळी पाहुणे म्हणाला नाही, नावानं विचारला. टुंडुप थांबला, पण वळला नाही. गाडीत बसला. गाडी वळणाआड जाईपर्यंत मुरुप छतावर उभा होता. मग तो खाली आला, तोंड पुसलं, गोंचाची गुंडी लावली, सत्तूचं ताट हातात घेतलं आणि सणाचं भेटायला घरोघर निघाला. वाळीत टाकलेल्यानं असं कुणाच्या दारी जायचं नसतं. पहिलं दार गोबाचं. आत बरीच माणसं जमली होती, हसण्याबोलण्याचा आवाज येत होता, आणि त्यानं कडी वाजवताच तो आवाज थांबला. खिडकीतून त्याला पाहिलं होतं त्यांनी, हे त्याला ठाऊक होतं.

“कोण आहे?” आतून गोबानं विचारलं.

“योकमा.”

कुणी उठलं नाही. पायाखालचा बर्फ बुटांतून वर यायला लागला. तो हलला नाही.

“योकमा आलंय,” तो मोठ्यानं म्हणाला. “सणाचं आलंय. उघडत नसाल तर पुढच्या दारी जातो. सगळी दारं झाली की परत इथंच येतो. माझं काही काम अडलेलं नाही.”

आत कुजबूज झाली. मग पाल्मोचा आवाज आला, वैतागलेला, सगळ्यांच्या वर. “उघडा रे कुणीतरी. हा मरेल तिथं उभा राहून, आणि खांदा आपल्यालाच द्यावा लागेल.”

दार उघडलं. मुरुप आत शिरला, कुणाकडे न बघता खिडकीखालच्या गालिच्यापर्यंत गेला आणि बसला.